जळगावात डिह्युमिडिफायर घ्यायचाय. हसून झालं की सांगा

केळीचं पान · ९ ऑगस्ट, रात्री ९.४०

दुकानदाराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर रस्त्याकडे. चार दिवस पावसाची उघडीप होती, ऊन चटकत होतं. "ताई, तुम्हाला कूलर म्हणायचंय का?" म्हटलं, नाही हो, कूलरच्या उलटं. हवेतलं पाणी काढून घेणारं मशीन. त्यावर तो म्हणाला, "ते मुंबईवाले घेतात."

तर मंडळी, मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो त्या गावात राहून मी हे विचारतेय, याची मला पूर्ण कल्पना आहे.

पहिल्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट. त्यातली १० बाय १२ ची मागची खोली सासूबाईंची. खिडकी उत्तरेला आणि समोर हातभर अंतरावर शेजारच्या बिल्डिंगची भिंत, त्यामुळे ऊन असं कधी येतच नाही. एका बाजूला बाथरूम. मागच्या आठवड्यात लोखंडी कपाट सरकवलं तर मागे भिंतीवर कमरेएवढ्या उंचीपर्यंत काळे ठिपके. कपाटातल्या सासूबाईंच्या शालूच्या घडीवर पांढरी पूड. दार उघडलं की कुबट वास. अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी केलेले बिबडे (ज्वारीचे पापड) पावसाळ्यात पंधरा दिवसांत सादळले, तेही घट्ट झाकणाच्या डब्यात, कारण डबा त्याच खोलीत होता.

ऑनलाइन चारशे रुपयांचं आर्द्रता मोजायचं छोटं मीटर मागवलं. त्या खोलीत सकाळी ८४ टक्के, दुपारी ७८. हॉलमध्ये ७० च्या आसपास.

तीन मशीन पाहिली. एक छोटं, एक लिटरच्या टाकीचं, साडेचार हजार. दुसरं १२ लिटरवालं, सतरा हजार. तिसरं २५ लिटरचं, एकोणतीस हजार. यातलं कुठलं? बिल किती येईल? आवाज? नळी जोडावी लागते का?

पांझराकाठचा · ९ ऑगस्ट, रात्री १०.०५

ताई, वैशाखमा आपण पैसा मोजीसन हवामा पाणी टाकतस, अन् तुम्ही सावनमा पैसा मोजीसन ते काढी राहिनात!

माफ करा, राहवलं नाही. मदत करणारे येतीलच मागून.

बदलीवर आहे · ९ ऑगस्ट, रात्री १०.३०

मी मूळ रत्नागिरीचा, सध्या नंदुरबारला पोस्टिंग. आमच्या घरी तिकडे सात वर्षांपासून मशीन आहे. माझा सल्ला: २५ लिटरवालं डोळे मिटून घ्या. छोटं घेऊन पस्तावण्यापेक्षा मोठं घेऊन कमी चालवलेलं बरं. आमच्याकडे जूनपासून दसऱ्यापर्यंत ते बंद म्हणून होत नाही. चपलांनाही बुरशी येते हो.

कॉम्प्रेसर भुसावळ · १० ऑगस्ट, सकाळी ७.१५

फ्रीज-एसी दुरुस्तीत तेवीस वर्षं झाली, म्हणून थोडं लांबण लावतो.

साडेचार हजारवालं घेऊ नका. त्यात कॉम्प्रेसर नसतो, वीज दिली की एका बाजूने गार होणारी चिप असते. ही मशीनं दिवसभरात तीनशे ते पाचशे मिली पाणी काढतात, तेही हवा चांगली दमट असली तर. कपाटात ठेवायला ठीक आहे. पण खोलीत लावणं म्हणजे गिरणेच्या पुराला ओंजळ लावण्यासारखं.

कॉम्प्रेसरवालं मशीन म्हणजे आतून फ्रीजच समजा. पंखा खोलीतली हवा ओढतो, ती थंड कॉइलवरून जाते, पाणी थेंबाथेंबाने खाली टाकीत पडतं. मग तीच हवा गरम कॉइलवरून जाऊन परत खोलीत येते. एसीची गरम कॉइल घराबाहेर असते, याची घरातच. म्हणजे खोली कोरडी होणार, पण गरमही होणार. हे विकणारा सांगत नाही आणि आठ दिवसांनी गिऱ्हाईकाचा फोन मला येतो की "मशीन गरम हवा फेकतंय, खराब आहे." खराब नाही, ते असंच असतं.

आता लिटरचं गणित. खोक्यावर १२ लिटर लिहिलंय म्हणजे टाकी १२ लिटरची असं नाही. २४ तास सलग चालवलं तर इतकं पाणी काढेल, असा त्याचा अर्थ. तेसुद्धा बहुतेक कंपन्या ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजतात. आर्द्रता साठवर आली की तेच मशीन बरंच कमी काढतं. त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे समोरासमोर ठेवाल तेव्हा ते कुठल्या तापमानाला आणि किती आर्द्रतेला मोजलेत, हे आधी वाचा. टाकी सहसा दोन-तीन लिटरची, भरली की मशीन आपोआप थांबतं.

बदलीवाले साहेब, कोकणाला तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण तिकडे पाऊस ३,००० मिलिमीटरच्या वर, आमच्याकडे ७०० च्या आसपास. दिवाळी झाली की खान्देशात ओठ फुटतात. आमच्याकडे मशीन चालणार जुलै ते सप्टेंबर, फार तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. एका १० बाय १२ च्या खोलीला १२ लिटर पुष्कळ झालं.

अजून एक प्रकार असतो, त्यात ओलावा शोषणारं चाक फिरतं आणि हीटर ते वाळवतो. थंड प्रदेशात तो भारी. आपल्याकडे थंडीत हवाच कोरडी, त्यामुळे त्याचं नावही काढू नका.

विटा-सिमेंट · १० ऑगस्ट, सकाळी १०.५०

मशीनवर चर्चा सुरू झाली, पण पाणी येतंय कुठून हे कोणीच विचारलं नाही. मी साक्रीत बांधकामं करतो. एका गिऱ्हाईकाने वीस हजारांचं मशीन लावलं आणि भिंतीत पाइप गळत होता. मशीन रोज टाकी भरत होतं, हा खूश. पाइप त्याहून खूश.

ताई, स्वयंपाकातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल घ्या. फूटभर चौकोनी दोन तुकडे. एक कपाटामागच्या भिंतीवर, दुसरा बाथरूमच्या बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीला. चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा. दोन दिवसांनी काढा. भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय. ते मशीनचं काम नाही, गवंड्याचं आहे. भिंतीकडे कोरडं निघालं तर गुन्हेगार खोलीतली हवा.

पहिल्या मजल्यावर असल्याने जमिनीतली ओल चढण्याचा प्रश्न नाही. तळमजल्याला काळ्या मातीत तोही विचार करावा लागतो.

केळीचं पान · १० ऑगस्ट, दुपारी २.२०

फॉइल लावली. सासूबाई म्हणाल्या, भिंतीला भरीत भाजायला ठेवलंय का.

धाकटी पाती · १० ऑगस्ट, दुपारी ३.३५

ते चारशेचं मीटर खरं बोलतंय का ते आधी तपासा. सोपं आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळवू नका. ते झाकण आणि मीटर एका झिपवाल्या पिशवीत ठेवून रात्रभर बंद. सकाळी मीटरने ७५ दाखवायला हवं. ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्क्यांवरच येऊन थांबते. ७५ च्या वर-खाली जितकं दाखवेल तितकी मीटरची चूक.

आपल्या आज्या मिठाच्या बरणीकडे बघून पाऊसपाणी सांगायच्या ते यामुळेच. हवा ७५ च्या वर गेली की मिठाला पाणी सुटतं. चारशे रुपये वाचले असते तुमचे!

अडगळीची खोली · १० ऑगस्ट, सायंकाळी ६.१०

एसी आहे का घरात? असेल तर ड्राय मोडवर लावा आणि मशीनचे पैसे वाचवा.

कॉम्प्रेसर भुसावळ · १० ऑगस्ट, सायंकाळी ६.४५

त्या खोलीत एसी असेल तर मीही हेच सांगेन. पण नसेल तर एवढ्यासाठी एसी बसवायचा का? आणि पावसाळ्यात बाहेर २६-२७ अंश असताना एसीला गार करायला काम उरत नाही. इन्व्हर्टर एसी मग हळूहळू चालतो, कॉइल पुरेशी थंड होत नाही आणि पाणी कमी निघतं. म्हातारं माणूस गारठतं ते वेगळंच.

केळीचं पान · ११ ऑगस्ट, सकाळी ८.३०

एसी आहे, पण आमच्या खोलीत. सासूबाईंना एसीने सांधे धरतात.

मिठाचा प्रयोग केला. मीटरने ७९ दाखवलं. म्हणजे चार टक्के जास्त सांगतंय. ८४ नाही, ८०. तरी ८० म्हणजे ८०च.

लेन्सवर बुरशी · ११ ऑगस्ट, सकाळी ११.००

लग्नाचे फोटो काढतो, धुळ्यात. कपाटापुरतं सांगतो. डांबराच्या गोळ्या टाकून ओलावा जातो असं अनेकांना वाटतं. त्या किडीसाठी असतात, ओलाव्याशी त्यांचं काही देणंघेणं नाही.

बाजारात टांगायच्या पिशव्या मिळतात, वर पांढरे खडे आणि खाली पाणी साठतं. पाणी ओढतात हे खरं, पण ते साधं पाणी नसतं, खारट द्रावण असतं. माझी एक पिशवी फाटली आणि लोखंडी कपाटाचा तळ महिनाभरात गंजला. शालूच्या वर तर चुकूनही टांगू नका, जरीवर ते पाणी पडलं तर संपलंच. सिलिका जेल त्या मानाने सुरक्षित. रंग बदलणारी घ्या, भिजली की कढईत मंद आचेवर कोरडी होते. अर्थात ती कढई मग स्वयंपाकाला नाही.

लेन्ससाठी मी शेवटी विजेवरचं बंद कपाट घेतलं, ४५ टक्के आर्द्रतेवर लावून ठेवतो. त्याआधी दोन लेन्स गेल्या. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटते. दिसायला सुंदर, पण किंमत ऐकू नका.

आठवी ब चे सर · ११ ऑगस्ट, दुपारी १.१५

मुलांना देतो तसं एक गणित देऊ का? १० बाय १२ ची खोली, दहा फूट उंच. साधारण ३४ घनमीटर हवा. २८ अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम वाफ मावते. ८० टक्के म्हणजे २२ ग्रॅमच्या जवळपास. आपल्याला ५५ टक्क्यांवर आणायचंय, म्हणजे १५ ग्रॅम. फरक ७ ग्रॅम, गुणिले ३४. उत्तर २४० ग्रॅम.

म्हणजे खोलीच्या सगळ्या हवेतून काढायचं पाणी पाव लिटरसुद्धा नाही! मग मशीन दिवसाला सहा-सात लिटर कुठून काढतं? गादी, उशा, कपडे, भिंत, लाकूड, हे सगळं पाणी धरून बसलेलं असतं. ते आधी सोडतात. आणि बाहेरून येणारी हवा. खिडकी उघडी असली तर अख्ख्या जळगावची हवा तुम्ही सतरा हजारांत वाळवताय.

तेव्हा ताई, त्या खोलीत काय काय उघडं आहे? कपडे कुठे वाळत घालता?

केळीचं पान · ११ ऑगस्ट, रात्री ९.००

सर, तुम्ही पकडलं मला.

खिडकीत कूलर आहे. मार्चमध्ये बसवलेला. पत्र्याचा मोठा, मागे गवताच्या ताट्या. जूनमध्ये बंद केला, पण काढला नाही, कारण तो उतरवायला दोन माणसं लागतात आणि यांचं "रविवारी बघू" अजून चालू आहे. आज मागे हात घातला तर ताट्या चिंब. पावसाच्या झडीने भिजत असणार. टाकीत बोटभर पाणी. आणि कूलरभोवती खिडकीत चारी बाजूंनी मोकळी जागा, त्यात आम्ही पुठ्ठे कोंबलेले, तेही ओले.

आणि हो, पाऊस असला की कपडे त्याच खोलीत दोरीवर. पंखा लावून.

पांझराकाठचा · ११ ऑगस्ट, रात्री ९.१२

सांगितलं होतं ना! मी विनोद केला, पण निघालं तेच. कूलर!

कॉम्प्रेसर भुसावळ · ११ ऑगस्ट, रात्री ९.५०

खान्देशात निम्म्या घरांत हाच प्रकार. कूलर खिडकीत जन्मठेपेला. मे महिन्यात हवा रखरखीत असते म्हणून तो गार करतो. त्याचं सगळं कसब कोरड्या हवेवर. पावसाळ्यात तो गार तर करत नाहीच, नुसती ओल करतो. उतरवा, ताट्या फेका, टाकी पुसून उन्हात ठेवा आणि खिडकी बंद करा. मग तीन दिवस मीटर बघा. तोवर दुकानात जाऊ नका.

विटा-सिमेंट · १२ ऑगस्ट, सकाळी ९.३०

आणि फॉइल? दोन दिवस झाले.

केळीचं पान · १२ ऑगस्ट, दुपारी ४.००

काढली. कपाटामागची आतून कोरडी ठणठणीत. बाथरूमकडची आतून ओली, खालच्या बाजूला थेंब होते.

विटा-सिमेंट · १२ ऑगस्ट, दुपारी ४.२०

म्हणजे दोन दुखणी. बाथरूममध्ये त्याच भिंतीच्या टाइल्सचे सांधे बघा, जिथे बादली असते तिथले. बहुतेक भरण गेलेलं असेल. गवंडी बोलवा, सांधे कोरून नवीन भरून घ्या. दोन दिवस ते बाथरूम वापरायचं नाही. भिंत पूर्ण सुकेपर्यंत रंग लावू नका, नाहीतर दिवाळीला पोपडे.

चष्मा विसरले · १२ ऑगस्ट, सायंकाळी ७.४०

काळे ठिपके कोरड्या फडक्याने किंवा झाडूने झाडू नका, बुरशीची पूड घरभर उडते. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, ओल्या फडक्याने पुसा. ब्लीच वापरणार असाल तर पातळ करून, खिडकी उघडून. संडास साफ करायचं अ‍ॅसिड त्यात अजिबात मिसळू नका, विषारी वायू होतो. आणि कपाट भिंतीपासून चार बोटं तरी लांब ठेवा, मागून हवा खेळू द्या.

केळीचं पान · १८ ऑगस्ट, रात्री ८.१५

कूलर उतरवला (रविवारी!). कपडे आता पॅसेजमध्ये. सांधे भरून झाले. सहा दिवसांचे आकडे, मीटरची चूक वजा करून: ८०, ७८, ७६, ७४, ७४, ७५. चुलतसासरे म्हणतात झालं की, आता कशाला मशीन. पण वास अजून आहे आणि बाहेरच दमट आहे म्हटल्यावर यापेक्षा खाली येईलसं वाटत नाही. १२ लिटरवालं घेतेय. अजून काय बघून घेऊ?

कॉम्प्रेसर भुसावळ · १८ ऑगस्ट, रात्री ९.३०

आता घ्या, माझी हरकत नाही.

सगळ्यात आधी बघा, लाइट जाऊन आल्यावर आपोआप सुरू होतं का. ऑटो रीस्टार्ट म्हणतात. आपल्याकडे हे लिटरपेक्षा महत्त्वाचं. काही मॉडेल लाइट गेली की सगळं विसरतात आणि सकाळी तुम्ही बघता तर रात्रभर बंद. दुकानात चालू करून प्लग काढा, परत लावा. पाच मिनिटं थांबा, कॉम्प्रेसर लगेच घेत नाही, घाईने नापास करू नका.

नळीची सोय हवी. जाळी सहज निघून धुता यावी. आर्द्रता ठरवायची सोय हवी. ५५ वर लावा. चाळीसवर लावायचा मोह होतो, पण मग ते थांबतच नाही आणि विजेचं मीटर पळतं. घरी आणल्यावर उभं ठेवून काही तास जाऊ द्या, मगच लावा. भिंतीपासून वीतभर लांब. आवाज जुन्या फ्रीजपेक्षा थोडा जास्त, म्हणून आजी झोपायच्या वेळी नको.

बिल: तुमचं मशीन २२० वॅटच्या आसपास असेल. दहा तासांना सव्वादोन युनिट. युनिट दहा रुपयांनी धरलं तर बावीस-तेवीस रुपये. रोज दहा तास लागणारही नाही, पहिला आठवडा सोडला तर.

केळीचं पान · २९ ऑगस्ट, रात्री १०.००

घेतलं. ऑटो रीस्टार्टची परीक्षा दुकानात घेतली, दुकानदार पुन्हा तसंच पाहत होता.

पहिल्या दिवशी सकाळी आठला दार-खिडकी बंद करून लावलं. दुपारी दोनला टाकी भरून बंद पडलेलं. दोन लिटर! सासूबाईंनी टाकी हातात धरून उजेडात बघितली आणि म्हणाल्या, "एवढं पाणी माझ्या उशाशी होतं?" दुसऱ्या दिवशी नळी जोडली, बाथरूमच्या जाळीत सोडायला. तर बाथरूमचा उंबरठा दोन बोटं उंच, पाणी चढेना, उलट टाकीत येत राहिलं. नळी उतारालाच हवी, हे तेव्हा कळलं. शेवटी मशीनखाली दोन पाट एकावर एक ठेवले. सासूबाई म्हणतात आता हळदीकुंकूही वाहा.

पहिल्या आठवड्यात रोज चार-पाच लिटर, आता दीड-दोन. आर्द्रता ५५ ते ५८. वास गेला. खोली गरम होते हे अगदी खरं, अडीच-तीन अंश. म्हणून सकाळी त्या देवळात आणि मग शेजारी जातात तेव्हा लावते, जेवणाआधी बंद करून दार उघडते.

एक विचारायचं राहिलं. हे पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत चालेल का? यांनी बाटल्या भरायला सुरुवात केलीय.

आठवी ब चे सर · २९ ऑगस्ट, रात्री १०.२०

थांबवा त्यांना! वाफेचं पाणी असलं तरी ते डिस्टिल्ड वॉटर नाही. हवेतली धूळ, कॉइलचा धातू, टाकीतले जंतू, सगळं त्यात असतं. बॅटरीला नको, प्यायला तर नाहीच. फरशी पुसा.

पांझराकाठचा · २९ ऑगस्ट, रात्री १०.२६

साठाडी ठेवा ना ताई. मार्चमा कूलरमा टाकता येई.

केळीचं पान · २९ ऑगस्ट, रात्री १०.४०

बिबड्यांचा डबा परत त्या खोलीत ठेवलाय. आज चार तळले. आवाज आला.